एकेचाळीस लेबलं

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे किल्लीताई म्हणतात. एकोणीस वर्षं तिच्या गळ्यात एक पितळी किल्ली आहे. आंघोळीला जाताना ती काढून खुंटीला लावते, आणि बाहेर आली की केस पुसायच्या आधी परत गळ्यात घालते. किल्ली शेती भांडाराच्या मागच्या खोलीची. पुढे दुकानात बी, खत आणि फवारणीची औषधं विकतात. मागच्या खोलीत मुदत संपलेली, गळणारी, बंदी आलेली, कुणाच्याच कामाची न उरलेली औषधं. औषधं म्हणायची सगळ्यांना सवय आहे. ताई तेवढी विष म्हणते.

या महिनाअखेरीला ताई निवृत्त होणार होती, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. ती खोली रिकामी करून मगच घरी बसायचं. कारण खोलीची मागची भिंत आणि बालवाडीची भिंत एकच. अलीकडे विष, पलीकडे पोरांची दप्तरं टांगायच्या खुंट्या. खोली आधीची, बालवाडी नंतर आली. परवानगी देणाऱ्याने भिंतीच्या दोन्ही बाजू बघितल्या होत्या का, हे विचारायला मी एकदा त्यांच्या कचेरीत गेले होते. त्यांनी आधी माझं ओळखपत्र मागितलं, मग जेवायची सुट्टी झाली.

माझं शिवणाचं दुकान भांडाराच्या समोर आहे, म्हणून हे सगळं मी मशीनवर बसून बघत आले. आम्ही दोघी एकत्र राहतो. तिचे यजमान लवकर गेले, माझं लग्न झालंच नाही. मी फटकळ, ती घुमी. ती भांडत नाही म्हणून तिच्या वाटचंही मलाच भांडावं लागतं.

ती कामाला लागली तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याचे डबे, काचेच्या बाटल्या, फाटक्या पोत्यांतून सांडलेली पावडर, सगळा उकिरडा. तिने वर्षभरात खोलीचं रूप पालटलं. पातळ एका बाजूला, पावडरी दुसऱ्या बाजूला, जड खाली, हलकं वर, प्रत्येक लेबल दाराकडे तोंड करून. खाली वाळूचे ट्रे. हवा बाहेर फेकणारा पंखा तिने दोन वर्षं मागून मागून मिळवला. घरी येताना ती मागच्या दाराने यायची, न्हाणीत कपडे बदलायची, ते कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे. माझ्या एकाही कपड्याला त्या बादलीचं पाणी कधी लागलं नाही.

शेतकरी दारात येऊन लाडीगोडी लावायचे. "किल्लीताई, जुनं काही असेल तर द्या की. जोर कमी असला तरी चालेल."

"जोर कमी झालाय की वाढलाय हे मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही," ती म्हणायची. "चला, व्हा पुढे."

नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पत्रा असा तापला की बाटल्या फुगल्या, बुचं उडाली, गंजलेले डबे तळातून पाझरायला लागले. एक दिवस बालवाडीच्या बाई ताईला बोलवायला आल्या. मीही गेले. पलीकडच्या भिंतीवर, पोरांच्या कमरेइतक्या उंचीवर, तळहाताएवढा तपकिरी डाग आला होता. एक मुलगी त्यावर बोट फिरवून वास घेत होती. ताईने तिला उचललं, नळाखाली नेऊन तिचा हात साबणाने तीनदा धुतला, आणि तिथूनच भांडारात जाऊन वरच्या कचेरीला फोन लावायला सांगितलं.

चौथ्या दिवशी तपासनीस आले. इस्त्रीची पँट, नाकाला रुमाल. दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "गळतंय ते सगळं एका ड्रममध्ये ओता आणि बूच घट्ट लावा. महिनाभरात गाडी पाठवतो."

"वेगवेगळं एकत्र ओतायचं?" ताईने विचारलं.

"शेवटी जाळायचंच आहे ना. जळताना कसलं वेगळं आणि कसलं एकत्र?"

तेव्हापासून आम्ही त्यांना महिनाभर साहेब म्हणतो.

ताईला पटलं नव्हतं. पण भिंतीपलीकडे पोरं होती आणि भांडारात ड्रम एकच होता, निळा, प्लास्टिकचा. तिने हातमोजे, तोंडाला मुखवटा, पायात गमबूट घालून चार दिवसांत एकेचाळीस बाटल्या आणि डबे त्यात रिते केले. प्रत्येक बाटली तीनदा विसळली, ते पाणीही ड्रममध्येच. पाचव्या दिवशी सकाळी तिने ड्रमला हात लावला तर तो कोमट लागला. ती धावत बालवाडीत गेली, पोरांना दोन दिवस घरी पाठवायला सांगितलं, आणि स्वतः ते दोन्ही दिवस उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसली. ड्रम निवला. ही गोष्ट तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. तिच्या हातून झालेली ही एकच चूक, आणि तीही सांगितलं तसं केल्यामुळे झालेली. मला अजून त्या रुमालाची तिडीक येते.

मात्र एक काम तिने स्वतःच्या डोक्याने केलं. ओतलेल्या प्रत्येक बाटलीचं लेबल सोडवलं, मागे पेन्सिलीने तारीख आणि साधारण किती ओतलं ते लिहिलं, आणि प्रत्येक लेबल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद केलं. अशा एकेचाळीस पिशव्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. "उद्या कुणी विचारलं यात काय आहे, तर सांगता आलं पाहिजे," ती म्हणाली. खोलीत उंदीर होते. मॅनेजरने आपल्या कपाटात डबा ठेवू दिला नाही, त्याला वास यायचा. म्हणून तो आमच्या घरी माळ्यावर आला. एकोणीस वर्षांत तेवढी एकच वस्तू तिने त्या खोलीतून घरात आणली, आणि मला विचारून आणली. मी हो म्हटलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग महिना गेला, वर्ष गेलं. शेती खात्याने प्रदूषणवाल्यांकडे बोट दाखवलं. प्रदूषणवाल्यांनी सांगितलं, गोळा करणं नगरपालिकेचं काम. नगरपालिकेतल्या माणसाने ताईला ओल्या आणि सुक्या कचऱ्याचं पत्रक दिलं. ताईने ते नीट वाचलं आणि विचारलं, "आमचं कशात धरायचं, ओल्यात की सुक्यात?" तो माणूस विचारात पडला. खरंच पडला, मी शेजारी उभी होते. तिथून बाहेर पडताना मी इतकी करवादले होते की पायरीवर चप्पल तुटली, आणि ताई खाली बसून माझ्या चपलेचा अंगठा बांधत होती.

मॅनेजर बदलत राहिले. प्रत्येक नवा मॅनेजर पहिल्या आठवड्यात तोच शहाणपणा सुचवायचा. एकाने तर माणूस आणि कुदळ दोन्ही बोलावून ठेवलं होतं. "मागे ओढ्याकडेला खड्डा घेऊ, वर दोन पोती चुना. विषय संपला."

"विषय संपत नाही," ताई म्हणाली. "खाली जातो. बालवाडीचा हापसा तिथून पन्नास पावलांवर आहे."

त्याच दिवशी तिने मॅनेजरच्या खणातली दुसरी किल्ली मागून घेतली, ती ट्रंकेत टाकली, आणि आंघोळ सोडली तर स्वतःची किल्ली गळ्यातून काढायची बंद केली. लोकांनी थट्टेने किल्लीताई नाव पाडलं. तिला ते आवडलंही असावं.

पाच वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले. आधी कपबशी वाजायची, मग तिला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कामाचं विचारलं, आणि तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिची चादर न्यायला घरी आले. चादर माळ्यावर होती, आणि चादरीला टेकून तो डबा. मी झाकण उघडलं. चार वर्षं बंद पिशव्यांत असूनही तो ओळखीचा, गोडसर घाण वास आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे माझी बहीण चमचा धरू शकत नाही, आणि इकडे हे अजून आमच्या चादरींना टेकून बसलंय. महिनाभर साहेब आपल्या घरी धडधाकट, मॅनेजर धडधाकट, आणि राखण कुणी करायची, तर आम्ही.

मी डबा मागच्या अंगणात नेला, पिशव्या ओतल्या, वर रॉकेल टाकलं आणि काडी ओढली. काळा, चिकट धूर निघाला. वारा फिरला तसा माझ्या तोंडावर आला, तरी मी हलले नाही. सगळं जळेपर्यंत उभी राहिले. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग डबा पुसला आणि रिकामाच माळ्यावर ठेवला, कारण तो दिसला नसता तर तिने विचारलं असतं.

मला त्यानंतर तीन आठवडे खोकला होता. दवाखान्यातून घरी आलेली ताई थरथरत्या हातांनी पातेलं उचलायची, मला वाफ द्यायची, माझ्या डोक्यावर टॉवेल धरून बसायची. कशाने झालं म्हणाली, तर मी सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यातला गारठा. ती दोन महिन्यांनी परत कामावर गेली. मी दरवर्षी ठरवायचे, सांगून टाकू. मग वाटायचं, गाडी येतेय कुठली. गाडी येणार नाही या खात्रीवर मी पाच वर्षं झोपले.

आणि ताईच्या निवृत्तीला बारा दिवस उरले असताना गाडी आली.

पांढऱ्या अंगरख्यातली तीन माणसं आणि त्यांच्यावर एक तिशीतली बाई, पायात बूट, हातात कागद लावलेली पाटी. मी दुकान तसंच टाकून रस्ता ओलांडला. त्या बाईने खोलीतली लेबलं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली. मग ताईला म्हणाली, "मी इतकी भांडारं फिरले. अशी खोली नाही बघितली. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "लेबलावर लिहिलेलं असतं सगळं. वाचायचं."

दुपारपर्यंत खोली मोकळी झाली. पोती गेली, बाटल्या गेल्या, डबे गेले. राहिला निळा ड्रम. नऊ वर्षांत त्याचं पोट फुगलं होतं आणि बुडाशी प्लास्टिकवर एक पांढरी रेघ उमटली होती, बोटभर लांब. ताई रोज ती रेघ मापायची. उन्हाळ्यात ती पेराने वाढली होती.

"यात काय आहे?" बाईने विचारलं.

"एकेचाळीस प्रकार एकत्र आहेत. मला एकत्र ओतायला सांगितलं होतं."

बाईने डोळे मिटून घेतले. "काय काय आहे त्याची यादी मिळाली तर वेगळा अर्ज भरून आज नेता येईल. काय आहे तेच माहीत नसेल तर नाही नेता येणार."

मॅनेजर मध्ये पडला. "अहो, काहीतरी लिहून चिकटवा ना ताई. कोण बघतंय?"

"हे जाळतात त्या भट्टीवर माझी माणसं असतात," बाई म्हणाली.

आणि ताई हसली. कितीतरी वर्षांनी मी तिला असं तोंडभर हसताना बघितलं. "काहीतरी कशाला लिहायचं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "जा गं, माळ्यावरचा डबा घेऊन ये."

तिथेच सांगायला हवं होतं. पण ते हसू, ती पाटीवाली बाई, तो मॅनेजर. मी घरी गेले. स्टुलावर चढले, डबा काढला, रिकामा आहे हे माहीत असून झाकण उघडून आत बघितलं. मग तो घेऊन परत आले. का आणला, मला अजून सांगता येत नाही. तिने आण म्हटलं होतं.

तिने दोन्ही हात पुढे केले. आयुष्यभर पोती आणि डबे हातांनी जोखलेली बाई ती. डबा हातात पडताच तिला कळलं. तिने झाकणाला बोटही लावलं नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, डबा काखेत धरला, आणि त्या बाईला म्हणाली, "माफ करा. यादी नाही माझ्याकडे. माझ्याच्याने नीट ठेवली गेली नाही."

"बघा," मॅनेजर म्हणाला. "इतकं काटेकोर काटेकोर म्हणतात, आणि ऐन वेळी हे."

मी तोंड उघडलं, तर ताईने माझं मनगट धरलं. तिचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती.

बाईने ड्रममधून नमुना घेतला, दोन छोट्या बाटल्या भरल्या. प्रयोगशाळेत तपासणी, मग वरची मंजुरी, मग पुढची फेरी. "पुढची फेरी कधी?" ताईने विचारलं.

"खोटं नाही सांगत," ती म्हणाली. "महिनाभरात नक्कीच नाही."

गाडी गेली. धुतलेल्या, मोकळ्या खोलीच्या मधोमध ड्रम उभा राहिला, वाळूच्या ट्रेमध्ये. भिंतीपलीकडून पोरांचा गलका येत होता.

त्या दिवसापासून अकरा दिवस ताईने मला डब्याबद्दल एक शब्द विचारला नाही. रोज चहाच्या वेळी वही माझ्यापुढे सरकवायची आणि सांगायला लागायची. तिचं अक्षर आता लागत नाही, म्हणून लिहायचं मी. "हिरव्या टोपणाची उंच बाटली, कापसावरच्या अळीची, पाव भाग शिल्लक होती. लिही. मग चौकोनी डबा, लाल पट्टा." नावं, रंग, किती होतं, सगळं आठवून आठवून. मी दोनदा सुरुवात केली. "ताई, तो डबा मी..." ती म्हणाली, "हं. पुढचं लिही." तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. ती शिव्याही घालीना. मला तिचा इतका राग आला की मी एकदा वही आपटली आणि न्हाणीत जाऊन रडले. परत आले तर ती वही पुसून, पान उघडून बसली होती.

सदतीस आठवली. चार आठवली नाहीत. पाटीवाल्या बाईला मी फोन करून सदतीस सांगितली. ती म्हणाली, तपासणीला मदत होईल, पण चार कमी असताना नेता येणार नाही. बरोबरच होतं तिचं. त्याचाच तर संताप. इतक्या वर्षांत एक माणूस नियमाने वागणारा भेटला, आणि तो आडवा आला तो माझ्यामुळे.

काल ताईचा शेवटचा दिवस होता. पुढच्या दुकानात खुर्च्या मांडल्या. मॅनेजरने भाषण केलं, त्यात तिच्या कामाला दोन वाक्यं आणि भांडाराच्या प्रगतीला पाऊण तास. भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. बालवाडीच्या बाई आल्या होत्या, त्या एकट्याच रडल्या. मग तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाकडे किल्ली द्यायची वेळ आली. ताई त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. ट्रे दाखवला, वाळू कधी बदलायची ते सांगितलं, मुखवटा कुठे टांगलाय ते दाखवलं, खाली बसून पांढरी रेघ बोटाने मापून दाखवली. वळून बघते तर तो दाराबाहेर उभा, नाकाला रुमाल.

"सोमवारी घेतो मी किल्ली," तो म्हणाला. "आज घाई काय?"

ताईने दार लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली परत पदराआड सोडली. मॅनेजरने न बघितल्यासारखं केलं.

घड्याळ मी घेतलं होतं. आम्ही घराकडे चालायला लागलो. कोपऱ्यावर ती थांबली. मला वाटलं दमली.

"टाकलीस की जाळलीस?" तिने विचारलं.

"जाळली."

"कुठे?"

"मागच्या अंगणात. तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

ती मनात काहीतरी जुळवत होती. मी सगळ्यासाठी तयार होते. नऊ वर्षांचा हिशोब तिने माझ्यासमोर मांडला असता तरी मी मान खाली घालून ऐकून घेतला असता.

"म्हणजे तो खोकला गारठ्याचा नव्हता," ती म्हणाली. "धूर अंगावर घेतलास?"

मी मान हलवली.

"किती वेळ?"

"सगळं जळेपर्यंत."

"तेव्हाच सांगायचं होतंस. मी वाफ देत बसले. विषाच्या धुरावर कोणी वाफ देतं का?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला, भर रस्त्यात, आणि मला तिचे डोळे भरलेले दिसले. मग तिने माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, कारण ते जड होतं. "उद्यापासून मी मोकळी आहे. सकाळी आधी ड्रम बघून येऊ, आणि मग तुझी छाती तपासायला जाऊ. डॉक्टरांना लेबलं कोणती होती ते मी सांगते. सदतीस तर मला आठवतात."